नांदूरची बदके आणि नवापूरचे बाकडे

अंड्यांवरून आमच्या घरात आजवर दोनदा महाभारत झाले आहे. पहिले झाले 2006 सालच्या फेब्रुवारीत. सकाळचे वर्तमानपत्र उघडले, तो पहिल्याच पानावर ठळक बातमी: बर्ड फ्लू भारतात आला! आमच्या सौभाग्यवतींनी ती पुरती वाचलीसुद्धा नाही. फ्रिजमधली आठ अंडी त्यांनी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला फर्मावले, "अहो, ही कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून या. आणि आल्यावर हात साबणाने धुवा."

मी मुकाट्याने गेलो. पुडके टाकताना कागदाची घडी सुटली आणि बातमीतले गावाचे नाव डोळ्यांपुढे आले. नवापूर! नंदुरबार जिल्ह्यातल्या त्या गावी माझा मावसभाऊ राहतो आणि त्याचा धंदाच मुळी कोंबड्यांचा. मी अंड्यांचे पुडके तसेच हातात धरून क्षणभर उभा राहिलो. मग टाकले, घरी आलो आणि साबणाने हात धुतले. त्या हात धुण्याची लाज मला पुढे किती तरी वर्षे वाटत आली.

दुसरे महाभारत 2025 च्या जानेवारीतले. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, हे सगळ्यांनी वाचलेच असेल. कोंबडीच्या मांसातून त्यांना बाधा झाली असावी असा संशय होता. पाठोपाठ लातूरकडे उदगीरला कावळे मेले, तोही हाच रोग. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या दहा वर्षांच्या नातीला मी कबूल केले होते की, तुला नांदूर मधमेश्वरची बदके दाखवायला नेतो!

"वाघ गेले तिथे आपली काय कथा?" सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. परंतु नातीने आधीच दुर्बीण मिळवली होती, शाळेत मैत्रिणींना सांगितले होते आणि वहीच्या पहिल्या पानावर 'बदके' असे मथळ्यासारखे लिहूनही ठेवले होते. आजीचे नातीपुढे चालत नाही, हे आजोबांचे मोठेच भाग्य. पक्ष्यांना हात लावायचा नाही, पिसे वेचायची नाहीत, दुरूनच पाहायचे, अशा तीन अटींवर आजीही आमच्यासोबत निघाली. जाता जाता मी हळूच म्हटले, "नाशिकपर्यंत गेलोच आहोत, तर पुढे नवापूरला दादाकडेही जाऊन येऊ." ती काही बोलली नाही. बहुधा तिलाही ती आठ अंडी आठवली असावीत.

नांदूर मधमेश्वर हे नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात. निफाडच्या थंडीची ख्याती मी ऐकून होतो, पण ती कानात शिरते कशी हे पहाटे चापडगावच्या वाटेवर कळले. दोहों बाजूंना द्राक्षांचे मळे आणि कांद्याची शेते, मध्ये धुके, आणि पुढे कुठे तरी पाणी आहे असे सांगणारा गलबला. तो गलबला म्हणजे एखाद्या मंगल कार्यालयात पंगत बसण्याआधी जो असतो, तसा. कोण काय बोलतो ते समजत नाही, पण मंडळी पुष्कळ आहेत आणि खुशीत आहेत एवढे कळते.

इथे गोदावरी आणि कादवा एकत्र येतात. संगमापाशी इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, बंधारा घातला गेला. नद्यांनी वर्षानुवर्षे गाळ आणून टाकला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. इंजिनियरांचे जे नुकसान, ते पाखरांचे भाग्य! सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. 1986 साली अभयारण्य झाले आणि 2020 च्या आरंभी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत महाराष्ट्रातले पहिले नाव लागले ते याच जागेचे.

धुके वर उचलले आणि आमच्यासोबत आलेल्या गावच्या तरुण वाटाड्याने दुर्बीण तिपाईवर लावली. या मुलाचे मला फार कौतुक वाटले. एरवी द्राक्षाच्या मळ्यात काम करायचे आणि थंडीत पाहुण्यांना पाखरे दाखवायची, हा त्याचा क्रम. एकेक नाव तो असे घेई, जणू घरच्या लग्नातले वऱ्हाडी ओळखून देतो आहे.

"ते शेपटी तलवारीसारखी उंच काढलेलं, ते तलवार बदक. चोच चपटी पळीसारखी, तो थापट्या. डोळ्यावर पांढरी भुवई दिसते ना, ते भुवई बदक. आणि ताई, ते चोचीवर पिवळं नि लाल, ते आपलं इथलंच. त्याला हळदीकुंकू म्हणतात."

"हळदीकुंकू!" आजी एकदम खूश झाली. पाखरांशी तिचा समेट झाला तो याच क्षणी.

पलीकडच्या काठावर नारिंगी रंगाची एक जोडी स्वस्थ बसली होती. तेच चक्रवाक, संस्कृत कवींनी ज्यांना रात्रभर विरहात ठेवले ते. आमच्या डोळ्यांदेखत त्यांचा विरह संपलेला होता आणि आता त्यांना विशेष काही बोलायचे आहे असे दिसत नव्हते. चाळीस वर्षांचा संसार झाल्यावर माणसांचेही तसेच होते.

मग वाटाड्याने आवाज एकदम खाली आणला. "तिकडे बघा. पट्टकादंब." गव्हाच्या शेताकडून वीसबावीस मोठे राखी पक्षी आले आणि पाय पुढे टाकून पाण्यावर उतरले. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे. हे हंसाच्या जातीचे पक्षी तिबेट, मंगोलिया, लडाखकडे वीण करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. त्यांच्या पाठीवर यंत्रे बसवून शास्त्रज्ञांनी मोजले आहे: सात हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवरून त्यांनी उड्डाण केलेले आहे. विरळ हवेतून प्राणवायू ओढून घेण्याची शक्ती त्यांच्या रक्तात आपल्यापेक्षा जास्त. आम्ही आमच्या इमारतीचा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर उभे राहतो, तेव्हा काय होते ते आठवून मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

नात वहीत लिहीत होती. लिहिता लिहिता ती थांबली. "आजोबा, यांना ताप आला तर हे हिमालय कसा ओलांडतील?"

हाच प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही विचारला आहे. आजारी पाखरू फार लांब उडू शकत नाही. मग रोग देशोदेशी नेला कोणी? याचे अर्धे उत्तर असे की, सगळ्यांना ताप येत नाही. फ्लूच्या विषाणूंचे मूळ घरच रानबदके. सौम्य जातीचे विषाणू त्यांच्या आतड्यांत राहतात, विष्ठेतून पाण्यात उतरतात, थंड पाण्यात बरेच दिवस टिकतात आणि दुसऱ्या बदकाच्या पोटात जातात. बदकाला त्याचा पत्ताही नसतो. हा भाडेकरू आणि घरमालक यांचा फार जुना सलोखा. बिघडते ते हा विषाणू कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला की. हजारो कोंबड्या खेटून उभ्या, एकीकडून दुसरीकडे उडी मारायला बोटभर अंतर. अशा गर्दीत सौम्य विषाणू बदलत बदलत जहाल होऊ शकतो. आणि असा जहाल झालेला विषाणू पुन्हा रानपाखरांकडे परतला, तर त्यांनाही तो सोडत नाही.

आजच्या बर्ड फ्लूचा पूर्वज 1996 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत सापडला. 1997 साली हाँगकाँगमध्ये तो माणसांत शिरला. अठरा जणांना लागण झाली, सहा दगावले. 2005 च्या उन्हाळ्यात तो चीनच्या चिंघाय सरोवरावर पोचला आणि सहा हजारांहून अधिक रानपाखरे मेली. त्यांत सर्वांत जास्त होते ते हेच, आमच्यापुढे पाण्यात माना बुडवणारे पट्टकादंब. पुन्हा 2020 च्या डिसेंबरपासून हिमाचल प्रदेशात पोंग धरणाच्या जलाशयावर सुमारे पाच हजार पक्षी मेले, त्यांतही बहुतेक हेच. म्हणजे ज्याला आपण चोर म्हणतो, त्याचेच घर सर्वांत जास्त लुटले गेलेले!

पाखरांवर असा आळ येण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याच्या रानात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. गोचिडीतून पसरणारा तो नवाच रोग सैबेरियातून पाखरांनी आणला असावा, असा संशय तेव्हा घेतला गेला. तो खरा की खोटा हे पाहायचे, तर पाखरे येतात कुठून आणि जातात कुठे हे आधी कळायला हवे. सलीम अलींनी ही संधी साधली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाखरांच्या पायांत कड्या घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. कडीवर अक्षरे कोरलेली: मुंबईला कळवा. आणि खरोखरच दूर सैबेरियातून पत्रे आली, तुमच्या भरतपूरची कडी घातलेले बदक आमच्याकडे सापडले म्हणून. आळ काही सिद्ध झाला नाही, पण त्या आळापायी आपल्याला पाहुण्यांचा पत्ता मिळाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने नवापूरकडे निघालो. सटाणा, ताहराबाद, पिंपळनेर, दहिवेल अशी वाट. कोंडाईबारीचा घाट उतरला की मुलूख बदलतो. सागाची झाडे, कौलारू घरे, बाजाराला निघालेली भिल्ल, मावची, कोकणी मंडळी, आणि दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या शेजारी गुजराती. रंगावली नदीकाठचे हे गाव महाराष्ट्राचे शेवटचे.

दादाने आम्हांला आधी नेले ते स्टेशनवर. नवापूरला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला स्टेशन दाखवण्याची तिथे रीतच आहे. 1 मे 1960 रोजी दोन राज्ये झाली आणि सीमारेषा नेमकी या स्टेशनातून गेली. तिकीट काढायचे महाराष्ट्रात आणि वेटिंग रूममध्ये जाऊन बसायचे गुजरातेत! प्लॅटफॉर्मवर एक बाकडे आहे, अर्धे महाराष्ट्राचे, अर्धे गुजरातचे. आजी महाराष्ट्रात बसली, मी गुजरातेत, आणि नात मध्ये, एकेक पाय एकेका राज्यात ठेवून. फोटो काढणे झाले.

"2006 सालीही रेघ इथंच होती," दादा हसत म्हणाला. "पण कोंबड्या पलीकडे उच्छललाही माराव्या लागल्याच." एकोणीस वर्षांत या विषयावर त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले वाक्य. मी पुढे काही विचारले नाही.

संध्याकाळी तो आपण होऊन मला शेडकडे घेऊन गेला. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळी. आत आता सिमेंटच्या गोणी, पाइप आणि एक मोडकी मोटारसायकल. मुलाचे हार्डवेअरचे दुकान आहे, त्याचे हे गोदाम. दादा दाराशी थांबला. आत शिरताना पाय पुसल्यासारखे करून मगच आत गेला. जुनी सवय.

"इथं नऊ हजार पक्षी होते," तो म्हणाला. "सगळा अंड्यांचा माल सुरतेला जायचा. तू कधी नऊ हजार कोंबड्यांचा आवाज ऐकला नाहीस. घर त्या तिथं; पण आम्हांला त्या आवाजाशिवाय झोप येत नसे."

जानेवारी अखेरीपासूनच आजूबाजूला पक्षी मरत होते. सगळे म्हणत, मानमोडी आहे, दरवर्षी येते, जाईल. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल आला तो 18 फेब्रुवारीला. मग मुखवटे, चष्मे आणि पांढरे झगे घातलेली माणसे आली. तीन किलोमीटरच्या परिघातला पक्षी न् पक्षी मारायचा असा हुकूम. पोकलेनने खड्डे खणले, चुना टाकला.

"दोन दिवसांत संपलं. तिसऱ्या रात्री मला जाग आली. म्हटलं, काय झालं? काहीच झालं नव्हतं रे. आवाज नव्हता, एवढंच."

मी म्हटले, "दादा, नांदूरला आम्ही बदकं पाहून आलो. नातीनं तुला फोटो दाखवायचे म्हणून आणलेत. पण मीच तिला म्हटलं, नको. तुला राग येईल."

तो बराच वेळ गप्प होता. मग मोडक्या मोटारसायकलच्या सीटवर टेकला आणि म्हणाला, "पहिली पाच वर्षं आला. उकाईच्या पाण्याकडून थवा आला की मी दार लावून घ्यायचो. सगळ्यांना सांगायचो, यांनी बुडवलं. पण तुला एक सांगतो. आजवर तुझ्या वहिनीशिवाय कोणाला ठाऊक नाही. मरतूक सुरू झाली ना, तेव्हा निकालाच्या आधी आठवडाभर मी तीनशे पक्षी विकले. दिसायला चांगले होते. व्यापारी आला, भाव पाडून मागितला, मी देऊन टाकले. म्हटलं, मरण्यापेक्षा चार पैसे तर येतील. टेम्पो भरून गेले. कुठं गेले, कोणाच्या शेडशेजारी उतरले, मी विचारलं नाही. आणि सगळेच असं करत होते. अंड्यांचे ट्रे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जात होते, न धुता. खाद्याची गाडी सगळ्यांकडे तीच. मेलेला पक्षी ओढ्यात टाकणारेही होते." तो थांबला. "बदकानं आणला असेल. नसेलही. पण बदकाजवळ टेम्पो नव्हता."

यावर मी काय बोलणार? मी त्याला माझ्या आठ अंड्यांची गोष्ट सांगितली. कचरापेटीची आणि साबणाची. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "शिजवून खायची की रे! सत्तर अंशांवर हा विषाणू मरतो. तुम्ही शहरातली माणसं अंडी फेकता, आणि आम्ही कच्चा पक्षी हातांनी उचलून फिरतो. भीती चुकीच्या ठिकाणी वाटते, हेच खरं."

नवापूरच्या त्या विषाणूचे गोत्र पुढे तपासले गेले. ते निघाले चिंघाय सरोवरावर पाखरे मारली त्याच शाखेचे. परंतु चिंघायहून नवापूरपर्यंतचा प्रवास त्याने पंखांवरून केला की चाकांवरून, हे त्या गोत्रावरून सांगता येत नाही. मला न्यायाधीश व्हायचे नाही. पाखरांना निर्दोष सोडून देणेही बरोबर नव्हे. 2021 पासून या विषाणूच्या नव्या शाखेने जो उच्छाद मांडला, त्यात तो युरोपातून अमेरिकेत, तिथून दक्षिण अमेरिकेच्या सागरसिंहांपर्यंत आणि 2023-24 साली अंटार्क्टिकाच्या परिसरातही पोचला. तिकडे काही कोंबड्यांचा टेम्पो जात नाही, रानपाखरांनीच नेला. 2024 साली तर तो अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत आढळला. 2003 पासून जगात साडेचारशेहून अधिक माणसे त्याने नेली. संख्या लहान वाटते, पण ज्यांना लागण झाली त्यांतले जवळजवळ निम्मे गेले, हे लक्षात घेतले म्हणजे शास्त्रज्ञ रात्री का जागतात ते कळते.

मात्र बदकाने काय करावे हे आपल्या हाती नाही. ते हजारो वर्षे येत आहे आणि येणार. तळी आटवून किंवा थव्यांवर बंदुका झाडून रोग थांबत नाही. उधळलेली पाखरे तो आणखी चार तळ्यांवर नेतील. आपल्या हाती शेडचे दार आहे. नवापूरला 2021 च्या फेब्रुवारीत रोग पुन्हा आला आणि पुन्हा लाखांनी पक्षी मारावे लागले. दादाचे तेव्हा काही गेले नाही, पण तो शेजाऱ्यांच्या शेडवर जाऊन बसे आणि एकच सांगे: मरतूक दिसली की त्याच दिवशी कळवा. विकू नका. आज तिथल्या शेजाऱ्याच्या शेडला बारीक जाळी आहे, दाराशी जंतुनाशकाचे उथळ टाके आहे, पाय बुडवल्याखेरीज मालकालाही आत प्रवेश नाही. ट्रे धुऊन घेतात. साध्याच गोष्टी, पण त्या शिकायला पुष्कळ मोल पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी न्याहारीला अंड्यांची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली. अंडी त्याच शेजाऱ्याकडची. मी चोरून सौभाग्यवतींकडे पाहिले. तिने क्षणभर ताटाकडे पाहिले, मग भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "वहिनी, मसाला फार छान झालाय. थोडी आणखी वाढा." एकोणीस वर्षांचे कर्ज तिने दोन वाढण्यांत फेडले.

जेवता जेवता नातीने दादाला विचारलेच, "आजोबा, बदकं बघता?" मी तिला थांबवणार, तो दादाने चष्मा पुसून वर चढवला. एकेक फोटो त्याने सावकाश पाहिला. पट्टकादंबांच्या फोटोशी थांबला.

"वजनाला किती असेल गं हा?"

"अडीच किलोच्या आसपास," नात म्हणाली. वाटाड्याने सांगितलेले तिने वहीत लिहून घेतले होते.

"अडीच किलो," दादा म्हणाला. "आणि हिमालय ओलांडून येतो." त्याने फोटो आणखी थोडा वेळ हातात धरून ठेवला. पोल्ट्रीवाल्याची ती नजर होती. पाखराची छाती, पंख, डोळे, सगळे तपासून पाहणारी. "निरोगी दिसतो," तो म्हणाला आणि फोटो परत दिला.

आम्ही निघालो तेव्हा तो स्टेशनपर्यंत आला. गाडी यायची होती. त्या बाकड्यावर आम्ही दोघे बसलो, या खेपेस दोघेही महाराष्ट्राच्या बाजूला. फार बोलणे झाले नाही. चार भाषांत घोषणा झाली, गाडी आली, आणि त्याने खिडकीतून नातीच्या हातात कागदी पुडी दिली. उघडून पाहतो, तो आत सहा उकडलेली अंडी, सोबत मिठाची चिमटी.

परवा त्याचा फोन आला. फराळाचे झाले का, वगैरे विचारून झाल्यावर म्हणाला, "दिवाळी आली म्हणजे तुझे ते पाहुणे यायला लागले असतील. नांदूरला कधी जातोस? मी येईन म्हणतो."

पौषात जायचे ठरले आहे. आजीच्या तीन अटी दादालाही लागू आहेत. त्याने त्या मान्य केल्या आणि चौथी आपल्या पदरची घातली: तळ्यावरून आल्यावर जोडे धुतल्याशिवाय कोणीही कोंबड्यांच्या शेडकडे पाऊल टाकायचे नाही.